पाखराच्या पायातली चिठ्ठी

ठाणे शहर मागे टाकून भिवंडीच्या वाटेला लागले की खाडीवरचा पूल येतो. पुलापलीकडे कशेळी आणि कशेळीला लागूनच काल्हेर. आज या रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामे आहेत, इमारती आहेत, मेट्रोचे खांब उभे राहिले आहेत. पण गावाच्या पाठीशी खाडी अजून आहे. भरती येते, ओहोटी लागते. काठाला तिवरांची झाडी आहे, चिखलाणी आहे, कुठे बोरूची आणि लव्हाळ्याची बेटे आहेत. थंडी पडली की आपल्या खाडीकाठांवर उत्तरेकडून पाहुणे येतात. शेपटी हलवीत चालणारे परीट येतात, भोरड्यांचे थवे येतात, आणि बोरूत लपून ‘चक् चक्’ करणारे मातकट रंगाचे लहानसे वटवटे येतात. दिसायला अगदी साधी पाखरे. पण ती सारी शेकडो कोस तुडवून आलेली असतात.

आता समजा, एखाद्या वर्षी अशाच एका बेटात, पुस्तकाप्रमाणे जो इथे असायलाच नको असा एखादा गाणारा पक्षी कोणाला दिसला. तर आपण काय म्हणू? बहुधा आपण म्हणू, ‘बिचारा वाट चुकला!’ असे म्हणणे सोपे आहे. पण ते दर वेळी खरे असते का, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. इतिहास शिकवणाऱ्या माणसाने पाखरांवर का बोलावे, असेही कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, हा प्रश्न जितका पाखरांचा आहे तितकाच पुराव्याचा आहे. आणि पुरावा तपासणे हेच तर इतिहासाचे काम.

प्रत्येक पक्ष्याचा राहण्याचा एक मुलूख असतो. पुस्तकात तो नकाशावर रंग भरून दाखवतात. पक्षी त्या रंगाबाहेर दिसला तर त्याची काही कारणे संभवतात. वादळाने त्याला भलतीकडे लोटले असेल. कोवळ्या वयाचे पाखरू पहिल्याच सफरीत दिशा चुकले असेल. किंवा ते कोणाच्या पिंजऱ्यातून सुटले असेल. हे तिसरे कारण हसण्यावारी नेऊ नका. लाल मुनियेच्या शास्त्रीय नावात ‘अमांडावा’ हा जो शब्द आहे, तो अहमदाबाद या नावाचाच अपभ्रंश आहे; कारण त्या शहरातून पिंजऱ्यातल्या मुनिया परदेशी जात असत. तेव्हा माणसाच्या हातूनही पाखरांचा मुलूख बदलतो.

पण चौथे एक कारण आहे, आणि ते आपल्याला सहसा सुचत नाही. पक्षी वाट चुकलेलाच नसेल. तो आधीपासून तिथे येत असेल, राहतही असेल. चुकलेला असेल तो आपला नकाशा.

हे नकाशे तरी तयार कसे झाले? दख्खनमधील पक्ष्यांची पहिली मोठी यादी कर्नल साईक्स यांनी १८३२ साली प्रसिद्ध केली. मुंबईत १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे बंदुकीचा अभ्यास होता. पक्षी मारायचा, कातडे सोलून आत कापूस भरायचा आणि पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर तारीख, गाव आणि पक्षी मिळवणाऱ्याचे नाव. श्रोतेहो, कातडे कितीही सुंदर राखले आणि चिठ्ठी हरवली, तर ते पाखरू शोभेची वस्तू होते. चिठ्ठी असेल तर तो दस्तऐवज होतो. सातबाऱ्यावर गट नंबरच नसेल तर त्या कागदाचे शेतकऱ्याने काय करावे? तसेच हे आहे.

अशा दस्तऐवजांचा सर्वांत मोठा संग्रह ज्याने जमवला, त्याचे नाव तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. मात्र वेगळ्या कारणासाठी. १८८५ च्या डिसेंबरात मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. ते भरवण्यात पुढाकार घेणारे निवृत्त मुलकी अधिकारी अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हेच ते गृहस्थ. राजकारणात पडण्यापूर्वी ह्यूम यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे हिंदुस्थानातील पक्ष्यांवर खर्च केली होती. १८७२ पासून ते पक्ष्यांविषयीचे एक नियतकालिकही चालवीत. त्यांनी नाव दिलेल्या दोन पक्ष्यांच्या गोष्टी आज मला सांगायच्या आहेत. त्यांतला एक गाणारा आहे, दुसरा घुबडाच्या जातीचा. एकाच्या चिठ्ठीने वाट दाखवली; दुसऱ्याच्या बाबतीत एका खोट्या चिठ्ठीने जाणत्यांना भलत्या वाटेला लावले.

पहिली गोष्ट गाणाऱ्या पक्ष्याची. १३ नोव्हेंबर १८६७ रोजी सतलजच्या खोऱ्यात, आजच्या हिमाचल प्रदेशातील रामपूरजवळ, ह्यूम यांना एक वटवट्या मिळाला. रंग मातकट, पण चोच जरा मोठी. त्यांनी तो वेगळा मानून १८६९ साली त्याचे वर्णन छापले. त्यानंतर तसा दुसरा पक्षी कोणाच्या ओळखीत आला नाही. वर्षे गेली. विद्वान म्हणू लागले, ही वेगळी जात नसावी. नेहमीच्या वटवट्यांपैकीच एखादा विचित्र नमुना असावा. एकच साक्षीदार, आणि तोही मेलेला! त्याचे कोण ऐकणार? पण कातडे इंग्लंडच्या संग्रहालयात जपलेले होते आणि पायाची चिठ्ठी शाबूत होती.

२००२ साली स्टाफान बेन्श आणि डेव्हिड पिअर्सन या अभ्यासकांनी त्या कातड्यातील डीएनए तपासला आणि सांगितले की, ह्यूम यांचे म्हणणे बरोबर होते. ही जात स्वतंत्रच आहे. तरी जिवंत पक्षी कुठे आहे ते कळेना. मग २७ मार्च २००६ रोजी थायलंडमध्ये, बँकॉकच्या नैर्ऋत्येला समुद्रकाठी, फिलिप राऊंड हे अभ्यासक जाळ्यात पाखरे धरून त्यांच्या पायांत कडी घालून सोडत होते. एका वटवट्याची चोच त्यांना लांब वाटली आणि पंख आखूड. त्यांनी मापे घेतली, दोन पिसे ठेवून घेतली आणि पाखरू सोडून दिले. पिसे बेन्श यांच्याकडे स्वीडनला गेली, आणि ती ह्यूमच्या पक्ष्याशी जुळली! सतलजपासून ही जागा सरळ रेषेत सुमारे ३००० किलोमीटर दूर. आणि जागा कसली? शहराचे सांडपाणी शुद्ध करण्याच्या केंद्रातील तळ्यांच्या काठची. म्हणजे दुर्मीळ पक्षी दिसायला घनदाट अरण्यच हवे असे नाही, हेही यातून कळले.

त्या दिवशी कोणीही म्हटले असते की पक्षी वाट चुकला. पण तपास करणारे तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी संग्रहालयांतले जुने खण उघडले. इतर वटवट्यांच्या नावाखाली ठेवलेली, खरे तर याच जातीची, आणखी काही कातडी निघाली. एक १८६९ साली आपल्याच देशात मिळालेले होते, काही मध्य आशियातली होती. वर्षानुवर्षे ती खणात पडून होती. नावे चुकली होती, पण गाव आणि तारीख खरी होती. म्हणूनच ती आज कामाला आली. तिकडे २००८ साली अफगाणिस्तानच्या ईशान्य टोकाला, वाखानच्या दरीत, रॉबर्ट टिमिन्स यांनी एका अनोळखी वटवट्याचे गाणे ध्वनिमुद्रित केले. पुढल्या वर्षी तिथे पक्षी धरून खात्री केली, तेव्हा ठरले की हेच त्यांचे विणीचे घर. म्हणजे उन्हाळ्यात घरटे मध्य आशियाच्या डोंगरदऱ्यांत, आणि हिवाळ्यात मुक्काम दक्षिणेला. सतलजचे खोरे ही वाटेवरची जागा असावी. कोणी वाट चुकले नव्हते. वाटच आपल्याला ठाऊक नव्हती.

आता दुसरी गोष्ट. ती आपल्या महाराष्ट्राची आहे.

पिंगळा आपल्याला परिचित आहे. गावातल्या जुन्या झाडांच्या ढोलीत तो राहतो, तिन्हीसांजेला कलकलाट करतो; त्याच्या आवाजावरून लोक शकुन पाहतात. त्याच्याच नात्यातला रानपिंगळा. गावपिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके उठून दिसतात. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा असतो, आणि शेपटीवर ठसठशीत पांढरे पट्टे असतात. तो दिवसाही हिंडतो. आजच्या छत्तीसगडच्या भागात ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याला १८७२ साली तो मिळाला, आणि पुढल्या वर्षी ह्यूम यांनी त्याला ब्लेविटचे नाव दिले. १८८० नंतर जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने खानदेशात, सातपुड्याच्या पायथ्याला, त्याचे काही नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र खात्रीलायक असे काही मिळाले नाही.

नाही म्हणायला एक नोंद होती. रिचर्ड माईनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. त्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते: १९१४, मांडवी. ही मांडवी म्हणजे तापीकाठची, गुजरातेतली. या माणसाची ख्याती फार मोठी. आपले सालिम अली १९३७ साली त्याच्याबरोबर अफगाणिस्तानच्या सफरीला गेले होते. असा माणूस लिहितो म्हटल्यावर शंका कोण घेणार? पुढे सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या जाणत्यांनी रानपिंगळ्याचा शोध केला तो साहजिकच या सर्वांत ताज्या नोंदीचा मान राखून. पक्षी सापडला नाही. लोक म्हणू लागले, नाहीसाच झाला असावा.

मग या प्रतिष्ठित संग्रहाचीच तपासणी सुरू झाली. १९९३ साली अ‍ॅलन नॉक्स यांनी दाखवून दिले की, माईनर्ट्झहागेनच्या लहान गाणाऱ्या पक्ष्यांच्या काही नमुन्यांवरील चिठ्ठ्या विश्वासार्ह नाहीत. दुसऱ्यांची कातडी उचलून त्यावर आपल्या नावाची चिठ्ठी लावलेली आहे. अमेरिकेच्या पामेला रासमुसेन या तेव्हा रिप्ली यांच्या दक्षिण आशियाच्या पक्षिग्रंथावर काम करीत होत्या. त्यांनी रानपिंगळ्याचा नमुना हाती घेतला. कातडे कसे सोलले, कसे शिवले, आत काय भरले, हे बारकाईने पाहिले. माणसाचे हस्ताक्षर जसे ओळखू येते, तशी कातडे तयार करणाऱ्याची हातोटीही ओळखू येते. ती हातोटी डेव्हिडसनची होती! खानदेशात १८८० नंतर मिळालेला पक्षी संग्रहालयातून चोरून, पुन्हा नव्याने भरून, त्याला १९१४ ची मांडवीची चिठ्ठी चिकटवली होती. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ साली हे सारे साधार प्रसिद्ध केले.

श्रोतेहो, जुन्या वतनांच्या भांडणांत बनावट महजर कसे करीत, हे आपल्या इतिहास-संशोधकांनी आपल्याला शिकवले आहे. राजवाडे गावोगाव दप्तरे हुडकीत हिंडले ते अस्सल कागदासाठी. शिक्का मोठा म्हणून कागद खरा, असे त्यांनी कधी मानले नाही. इथेही तेच झाले. नाव मोठे होते, पण कागद खोटा होता.

खोटी नोंद बाजूला काढल्यावर खरी नोंद पुन्हा दिसू लागली. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघे १९९७ साली शोधाला निघाले. पूर्वेकडच्या जुन्या जागा पाहून झाल्या. काही मिळाले नाही. मग ते डेव्हिडसनच्या मुलखात, शहाद्याजवळच्या रानात आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी एका झाडाच्या शेंड्यावर तो बसलेला दिसला. बिनठिपक्यांचा माथा, पट्ट्यांची शेपटी, सारे जुळले. छायाचित्रे घेतली, चलच्चित्र घेतले. ११३ वर्षांनंतर! पुढे तोरणमाळ, मेळघाट अशा ठिकाणीही तो आढळला. एका खऱ्या चिठ्ठीने तो परत मिळवून दिला. एका खोट्या चिठ्ठीने कितीतरी वर्षे वाया घालवली. त्या वर्षांत सातपुड्याचे किती रान तुटले, याचा विचार केला म्हणजे खोट्या चिठ्ठीची किंमत कळते. जो पक्षी संपला असे मानले, त्याच्यासाठी रान कोण राखील?

आता आपण काल्हेरच्या जवळ येऊ. २०१४ साली शहापूर तालुक्यात, मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा तलावाभोवतीच्या अभयारण्यात, रानपिंगळा दिसल्याची नोंद झाली. शहाद्यापासून ही जागा सरळ रेषेत सुमारे २५० किलोमीटर. सातपुडा कुठे आणि सह्याद्रीचा हा पश्चिम पायथा कुठे! काल्हेरपासून मात्र ती चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरच. गुजरातच्या डांग भागातूनही त्याच सुमारास नोंद आली.

मांडवीचा अनुभव ताजा असताना ही नोंद लोकांनी मानली कशी? ती मानली, कारण ती कोणा एकाच्या शब्दावर उभी नव्हती. छायाचित्रे होती. जागा सांगितली होती. दुसरा कोणीही जाऊन पाहू शकत होता, आणि लोकांनी जाऊन पाहिलेही. रानपिंगळा हा काही लांबच्या सफरी करणारा पक्षी नव्हे; तो आपले रान धरून राहतो. तेव्हा तानसाला तो वाऱ्याने आणून टाकला, असे म्हणता येत नाही. तो तिथे बहुधा पिढ्यान्‌पिढ्या राहत असावा. मुंबईच्या नळाला जिथले पाणी येते, त्या पाण्याकाठी. आपण पाहिले नव्हते, इतकेच. अशा नव्या जागा कळत गेल्या म्हणूनच २०१८ साली जागतिक यादीत त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गातून एक पायरी खाली ‘संकटग्रस्त’ या वर्गात ठेवले गेले. धोका टळला असा त्याचा अर्थ नाही. पण किती पक्षी, कुठे, हे कळले तरच काय राखायचे ते कळते.

या साऱ्यातून खेड्यातल्या माणसाने आणि शाळेतल्या गुरुजींनी काय घ्यावे?

पहिली गोष्ट ही की, अनोळखी पाखरू दिसले तर ‘वाट चुकलेले’ म्हणून ते सोडून देऊ नका. आणि त्याचबरोबर ‘दुर्मीळ पक्षी सापडला!’ म्हणून डंकाही पिटू नका. आधी लिहून ठेवा. शाळेत एक साधी वही ठेवावी. तीत तारीख, वेळ, गाव आणि नेमकी जागा लिहावी. म्हणजे नुसते ‘काल्हेर’ नव्हे, तर खाडीकडची बाजू, बोरूचे बेट की भातखाचर, हेही. पक्षी काय करीत होता, आवाज कसा होता, चोच कशी, माथा कसा, ते लिहावे. कोणी पाहिले आणि सोबत आणखी कोण होते, ते लिहावे. छायाचित्र मिळाले तर उत्तमच; तेही मूळ आहे तसे जपावे. जे दिसले तेवढेच लिहावे. शेपटी दिसली नसेल तर ‘शेपटी दिसली नाही’ असे लिहावे. मुलाने असे लिहिले तर त्याला शाबासकी द्यावी. कारण या एका वाक्याने त्याची बाकीची सारी नोंद विश्वासाची होते.

दुसरी गोष्ट, नेहमीच्या पाखरांचीही नोंद ठेवा. चिमणी, साळुंकी, दयाळ, बुलबुल, सुगरण. नवल कशाला म्हणायचे हे कळण्यासाठी आधी नेहमीचे काय ते ठाऊक हवे. काल्हेरच्या खाडीकाठी भराव पडतो आहे, खाचरांच्या जागी गोदामे उभी आहेत. पन्नास वर्षांपूर्वी त्या खाचरांत कोणती पाखरे उतरत होती, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवते. ते विचारून घ्या, सांगणाऱ्याचे वय आणि जागा यांसह लिहून ठेवा. ही आठवण त्यांच्याबरोबर गेली तर मागाहून कोणत्याही संग्रहालयाच्या खणात ती सापडणार नाही.

तिसरी गोष्ट, आज त्यासाठी पाखराला मारण्याची किंवा धरण्याची गरज नाही. कायद्याने ते करताही येत नाही. घरट्याजवळ गर्दी करू नये, घरट्याची जागा चारचौघांत सांगत सुटू नये. दुरून पाहावे, ऐकावे आणि यावे.

शेवटी ह्यूम यांच्याविषयीच एक हकीकत सांगतो. पक्ष्यांवर एक मोठा ग्रंथ लिहावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे टिपणे जमवली होती. १८८४ च्या सुमारास ते सिमल्याच्या आपल्या घरी परतले, तेव्हा त्यांना कळले की एका नोकराने ती सारी बाजारात रद्दी म्हणून विकली. तो ग्रंथ मग कधी झालाच नाही. पुढल्याच वर्षी त्यांनी आपला संग्रह लंडनच्या संग्रहालयाला देऊन टाकला. कातडी आणि अंडी मिळून ८०,००० च्या वर नमुने! टिपणे गेली, पण पाखरांच्या पायांतल्या चिठ्ठ्या राहिल्या. त्यांतल्याच एका चिठ्ठीने त्यांचा तो मातकट वटवट्या १३९ वर्षांनी पुन्हा ओळखता आला.

शाळेची वही वर्षअखेरीला रद्दीत जाऊ देऊ नका, एवढीच माझी गुरुजनांना विनंती. कपाटात तिला जागा द्या. येत्या हिवाळ्यात खाडीकाठी परीट उतरले की पहिल्या पानावर पहिली तारीख घाला.